जबल शम्सची ‘बाल्कनी’ वाट आणि ओसाड अस साब

ओमानमधील जबल शम्स हा त्या देशातील सर्वांत उंच पर्वत असून त्याची उंची सुमारे ३००० मीटर आहे. त्याच्या कुशीत वादी नखरची (वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र) जवळपास एक हजार मीटर खोल दरी असून, तिच्या कड्याच्या मधोमध अल खितैम या वस्तीपासून अस साब या सोडून दिलेल्या गावापर्यंत एक आडवी वाट जाते. नकाशावर तिचे नाव ‘डब्ल्यू ६’ असले, तरी सगळे तिला ‘बाल्कनी वॉक’ म्हणतात. मस्कतमधील मराठी मंडळींना हा ट्रेक एका दिवसात जमतो. मात्र गडावर टाक्याचे पाणी मिळेल, या सह्याद्रीतील भरवशावर इथे निघू नये.

नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ होय. शुक्रवार-शनिवारी ओमानमध्ये सुट्टी असल्याने गर्दी नको असेल तर मधला वार निवडावा. मस्कतहून निझवा, अल हमरा आणि घूल असा रस्ता असून, शेवटचा घाट अतिशय चढाचा असल्यामुळे फोर बाय फोर गाडी घेणेच शहाणपणाचे ठरते. घूलपाशी दोन मिनिटे थांबून वादीपलीकडच्या उतारावरील जुन्या गावाचे अवशेष पाहावेत, कारण त्या भिंती डोंगराच्याच रंगाच्या असल्याने चालत्या गाडीतून त्या सहसा नजरेत भरत नाहीत.

माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, चांगली पकड असलेले बूट आणि सकाळच्या थंडीसाठी एक जाकीट एवढे सामान पुरते. डबा सॅकच्या आत, चेन लावून ठेवावा. वाटेच्या सुरुवातीला भेटणाऱ्या शेळ्या उघड्या पिशवीला अजिबात सोडत नाहीत.

वाट एका बाजूने सुमारे चार किलोमीटर असून, निवांत चालल्यास जायला दोन तास लागतात. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पट्ट्यांच्या खुणा दगडांवर रंगवलेल्या आहेत. बराच वेळ खूण दिसली नाही, तर पुढे न रेटता शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे. चढ-उतार बेताचाच आहे. खरी कसोटी दृष्टिभयाची, म्हणजे खोल दरी पाहून वाटणाऱ्या भीतीची आहे, कारण वाट बहुतेक ठिकाणी ऐसपैस असली तरी दरीकडे कठडा नाही आणि काही टप्प्यांवर घसारा आहे. अशा जागी भिंतीकडच्या बाजूने चालावे, फोटो काढायचा असेल तर आधी पाय थांबवावेत आणि लहान मुलांना मोठ्यांच्या हाताशीच ठेवावे. ज्याला उंचीची भीती वाटते, त्याला हिंमत देत पुढे नेण्यापेक्षा सुरुवातीच्या पहिल्या वळणावरूनच परतू देणे मला अधिक योग्य वाटते.

अस साबची दगडी घरे पुढे झुकलेल्या कड्याच्या कपारीखाली बांधलेली असल्यामुळे अनेक ठिकाणी कातळच त्यांचे छप्पर झाला आहे. दारे इतकी ठेंगणी आहेत की कमरेत वाकल्याशिवाय आत डोकावता येत नाही. घरांवर सगळा वेळ घालवू नये. त्यांच्या खाली उतरत गेलेली, दगडी बांधांनी धरलेली शेते पाहावीत आणि मग गावाच्या वर थोडे चढून कड्यातील पाण्याच्या डोहापर्यंत जावे. एवढ्या रुक्ष भिंतीवर माणसे कशी तगली, हे पाणी आणि ती शेते एकत्र पाहिल्यावरच कळते. डोहाचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. भिंतींवर चढणे, दगड हलवणे किंवा नावे कोरणे हे तर कटाक्षाने टाळावे, कारण सुटे दगड रचून उभ्या केलेल्या या भिंती एका धक्क्यानेही ढासळू शकतात. गावापलीकडच्या कड्यावर लोखंडी तारा लावलेला चढाईचा मार्ग आहे. हार्नेस आणि जाणता वाटाड्या सोबत नसेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

परतीची वाट तीच असल्यामुळे निम्मे पाणी संपले की, गाव आले असो वा नसो, मागे फिरावे. पावसाचा अंदाज असेल तर बेतच रद्द करावा, कारण वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली कोरड्या वादीत अचानक लोंढा आणतो आणि गाडीचा रस्ताही बंद होऊ शकतो. घाट उजेडातच उतरावा आणि तोही खालच्या गिअरमध्ये, कारण सतत दाबून ठेवलेले ब्रेक त्या उतारावर तापून निकामी होतात.