कंबरलँड कसे पाहावे

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या पश्चिम भागात, पोटोमॅक नदीच्या उत्तर शाखेकाठी वसलेले कंबरलँड हे शहर लहान आहे. मात्र तिथे पोहोचताच वाफेच्या गाडीत बसल्यास हे शहर नेमके याच जागी का उभे राहिले, हे कळायचे राहून जाते. म्हणून आधी पायी फिरावे आणि गाडीची फेरी नंतर करावी.

वॉशिंग्टनहून अॅमट्रॅकची रेल्वे दिवसातून एकदाच येते, तीही संध्याकाळी, आणि परतीची गाडी सकाळी सुटते. त्यामुळे रेल्वेने येणाऱ्याने पूर्ण दिवस हाती यावा यासाठी दोन रात्रींचा मुक्काम धरावा.

फिरण्याची सुरुवात १९१३ साली बांधलेल्या वेस्टर्न मेरीलँड स्थानकापासून करावी, कारण चेसापीक-ओहायो कालव्याचे शेवटचे टोक याच परिसरात आहे. ४ जुलै १८२८ या एकाच दिवशी या कालव्याच्या आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला. रेल्वे इथे १८४२ मध्ये पोहोचली, कालवा मात्र १८५० मध्ये. ओहायो नदीपर्यंत जाण्याचा त्याचा बेत इथेच संपला आणि पुढे १९२४ पर्यंत त्याने मुख्यतः कोळसा वाहिला. त्याच्या काठची वाट आता सुमारे २९७ किलोमीटरचा सायकलमार्ग झाली असून, पिट्सबर्गकडे जाणारा दुसरा मार्ग तिला स्थानकाजवळच मिळतो. पोटोमॅक नदी स्वतः सहज नजरेस पडत नाही: १९३६ च्या महापुरानंतर तिला बांधांनी आवरले, आणि विल्स क्रीक ही उपनदी शहरातून काँक्रीटच्या पात्रातून वाहते.

विल्स क्रीक ओलांडून वॉशिंग्टन स्ट्रीटचा चढ चढावा. तिथले इमॅन्युएल चर्च जुन्या कंबरलँड किल्ल्याच्या जागेवर उभे आहे, आणि त्याच रस्त्यावरची प्रशस्त घरे पाहिली की या व्यापारातला पैसा कुठे गेला, ते वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर डोंगरावरच्या फ्रॉस्टबर्ग गावाला जाणारी, सुरुवातीला सांगितलेली पर्यटकांची गाडी घ्यावी. डोंगर चिरून गेलेल्या ‘नॅरोज’ या खिंडीतून ती जाते. पश्चिमेची वाट याच खिंडीमुळे मोकळी झाली. १९४९ मध्ये बाल्डविन कारखान्यात तयार झालेले १३०९ क्रमांकाचे वाफेचे इंजिन रोज धावत नाही, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे. सायकल गाडीत चढवून वर न्यावी आणि सुमारे २५ किलोमीटरचा उतार सायकलने उतरावा, हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे. उलट दिशेने तोच रस्ता दमछाक करतो.

केली-स्प्रिंगफील्डचा टायर कारखाना आणि सेलानीजचा कृत्रिम धाग्यांचा कारखाना १९८० च्या दशकात बंद पडले, पण सीएसएक्स कंपनीचे मालगाड्यांचे यार्ड आजही चालू आहे. ते सार्वजनिक रस्त्यावरूनच पाहावे. रुळांच्या हद्दीत पाऊल टाकणे धोक्याचे तर आहेच, शिवाय बेकायदेशीरही आहे.