लाकडी कॅटामरानच्या नाळेवरील फिटिंग बळकट करताना या चुका टाळा

कॅटामरान म्हणजे दोन समांतर हल (होडीची अंगे) तुळयांनी जोडून केलेली होडी. तिच्या डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी तार, म्हणजे फोरस्टे, खाली उतरते ती दोन हलांमधल्या मोकळ्या जागेवर. त्यामुळे तिला दोन्ही नाळांवरून, म्हणजे हलांच्या पुढच्या टोकांवरून, निघून मध्ये एकत्र येणाऱ्या दोन तारांच्या ब्रायडलला जोडावे लागते. या ब्रायडलची ओढ मुख्यतः वरच्या दिशेने असते असे गृहीत धरून फिटिंग (तार अडकवायची पोलादी पट्टी) बसवणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दोन नाळांमध्ये ४ मीटर अंतर असेल आणि ब्रायडलचा सांधा नाळांपेक्षा १ मीटर उंच असेल, तर प्रत्येक नाळ फोरस्टेच्या संपूर्ण ताणाइतक्या जोराने आतल्या बाजूला ओढली जाते. सांधा अर्ध्या मीटरवर आणला की ही आडवी ओढ दुप्पट होते, वरची ओढ मात्र दोन्ही वेळा ताणाच्या निम्मीच राहते. कॅटामरानचे आराखडे करणाऱ्या जेम्स व्हॅरम यांच्या टिकी मालिकेसारख्या होड्यांमध्ये पुढची तुळई नाळेच्या टोकापासून बरीच मागे असते. म्हणजे ही आडवी ओढ पेलण्यासाठी टोकाशी लाकडाखेरीज काहीच नसते. जाड पोलादी पट्टी शोधण्याआधी सांधा वर घेता येतो का ते पाहावे, आणि पट्टीचा कान (तार अडकवायचे छिद्र असलेले टोक) तारेच्या रेषेतच वळवलेला आहे याची खात्री करावी. तसा नसेल तर प्रत्येक लाटेबरोबर पट्टी थोडी थोडी वाकते आणि कालांतराने पहिल्या बोल्टाजवळ चिरते.

दुसरी चूक पोकळ भागातून बोल्ट आरपार नेण्याची. दोन्ही बाजूंच्या प्लायमध्ये भरीव लाकूड नसेल, तर नट आवळताना प्लाय आत दबतो आणि घट्ट वाटणारा बोल्ट पुढे सैल पडतो. आत भरीव ठोकळा इपॉक्सीने (दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या गोंदाने) चिकटवावा, फिटिंगपेक्षा सर्व बाजूंनी मोठी असलेली १२ मिमी मरीन प्लायची पट्टी कडा उतरत्या करून लावावी, आणि छिद्रे लाकडाच्या एकाच रेषेवर न पाडता थोडी मागेपुढे पाडावीत. एका ओळीतली छिद्रे नाळेचे लाकूड उभे चिरण्याची वाट करून देतात.

फिटिंग निकामी होते तेव्हा दोष बहुतेक वेळा लाकडात शिरलेल्या पाण्याचा असतो. म्हणून ८ मिमी बोल्टासाठी आधी १४ मिमीचे छिद्र पाडावे, खालचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे, आतल्या भिंतींना पातळ इपॉक्सी मनसोक्त पिऊ द्यावे आणि मग फिलर (घट्टपणा आणणारी भुकटी) घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरावे. ते पूर्ण कडक झाल्यावरच मध्यभागी ८ मिमीचे छिद्र पाडावे, म्हणजे बोल्ट लाकडाला कुठेच स्पर्श करत नाही. छिद्राच्या तोंडाशी किंचित खोलगट कड ठेवली की सीलंटला (पाणी अडवणाऱ्या लेपाला) बसायला जागा मिळते. कोकणातल्या पावसाळी हवेत इपॉक्सीवर येणारा चिकट थर पुढचा हात देण्याआधी पाण्याने घासून काढणे अत्यावश्यक आहे.

पोलादी पट्टीवर फायबरग्लास चढवून ती झाकून टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा. ३१६ प्रतीचे स्टेनलेससुद्धा हवा मिळाली तरच स्वतःचे रक्षण करते. ओल्या, बंद जागेत ते आतून खड्डे पडून झिजते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

नांगराचा ब्रायडल याच पट्टीला अडकवू नये. त्याचे हिसके वेगळ्या दिशेने येतात. त्याला स्वतंत्र क्लीट (दोर बांधायची खुंटी) हवे.

फिटिंगच्या कडेने रंगाला बारीक चीर, बोल्टाखालून तपकिरी ओघळ, किंवा पुन्हापुन्हा आवळूनही ढिला पडणारा फोरस्टे यांपैकी काहीही दिसल्यास तार ताणत बसू नये. डोलकाठीला दुसऱ्या दोराचा आधार देऊन एक बोल्ट काढून पाहावा. छिद्रातून काळपट, ओलसर भुगा आला तर सीलंट बदलून भागणार नाही. फिकट, कोरडे लाकूड लागेपर्यंत कुजलेला भाग कापावा आणि नवा तुकडा किमान १:८ उताराच्या (जाडीच्या आठपट लांब तिरक्या) सांध्याने बसवावा.