पिंजऱ्यातल्या माकडाच्या विकृत वर्तनाचं मूळ कसं शोधावं

आधी माकडाचा पूर्वेतिहास मांडा: आईपासून कोणत्या वयात तोडलं, किती महिने एकटं ठेवलं, किती वेळा रक्त काढलं, पिंजरा कितीदा बदलला. ऱ्हीसस माकडांत (प्रयोगशाळांत बरीच वापरली जाणारी माकडांची जात) आईविना वाढ आणि लहान वयातला एकटेपणा हे सर्वांत घातक. स्वतःला चावण्याची मुळं बहुधा तिथेच सापडतात.

मग कॅमेऱ्यातून निरीक्षण करा. माणूस समोर असला की वर्तन बदलतं. दर 15 सेकंदांनी येरझाऱ्या, कोलांट्या, केस उपटणं, चावणं यांची वेगवेगळी नोंद ठेवा. जखम दिसली तर तत्काळ पशुवैद्य.

उपायांत पहिला म्हणजे स्वभावाने जुळणारं दुसरं माकड सोबतीला देणं. खाऊ देऊन हात पुढे करायला शिकवलं की रक्त काढतानाचा ताण घटतो. येरझाऱ्या मात्र कारण दूर झाल्यावरही टिकू शकतात.