एक मोबाईल आणि चाळीस पुठ्ठे : तोकड्या साधनांच्या प्राथमिक वर्गासाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत डिजिटल साधन आणायचे ठरले की व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिली चर्चा पडद्याच्या आकाराची होते. माझ्या मते सुरुवात शिक्षकाच्या खिशातल्या मोबाईलपासून करावी, कारण पडदा कितीही मोठा असला तरी त्याला एका वेळी एखाद-दुसरे मूलच हात लावू शकते आणि बाकीची मुले प्रेक्षक होऊन बसतात.

एका मोबाईलवर सगळ्या वर्गाची उत्तरे घेण्यासाठी प्लिकर्स हे ॲप उपयोगी पडते. त्याच्या संकेतस्थळावर खाते उघडून मुलांची यादी भरावी आणि कार्डे साध्या प्रिंटरवर छापून घ्यावीत. प्रत्येक कार्डावरची काळी नक्षी वेगळी असते आणि तिच्या चार कडांना ए, बी, सी, डी ही अक्षरे शेजाऱ्याला वाचता येणार नाहीत इतकी बारीक छापलेली असतात. मुलाने आपल्या उत्तराचे अक्षर वर येईल असे कार्ड धरायचे आणि शिक्षकाने वर्गावरून कॅमेरा फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिले ते मोबाईलवर उमटते. कार्डे पुठ्ठ्यावर खळीने चिकटवावीत. चकचकीत लॅमिनेशन मात्र टाळावे, कारण खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला नक्षी ओळखता येत नाही.

चौथीच्या वर्गात मी एकदा एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठे काय, असे विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी एक चतुर्थांश निवडले. तीनपेक्षा चार मोठे, एवढाच त्यांचा हिशेब होता. एरवी पुढच्या ओळीतल्या दोघांनी बरोबर उत्तर दिले असते आणि मी पुढच्या उदाहरणाकडे वळलो असतो. त्याऐवजी डब्यातल्या दोन कडक भाकऱ्या मागून घेतल्या, एकीचे तीन व दुसरीचे चार तुकडे केले (कडक भाकरी सारख्या तुकड्यांत मोडणे हे वेगळेच कसब आहे), तुकडे शेजारी-शेजारी ठेवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारून कार्डे वर करायला सांगितली.

दुसरे स्वस्त साधन म्हणजे क्यूआर कोड. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये उघडतात; तेथील साहित्य रेंज असलेल्या ठिकाणी आधीच उतरवून ठेवावे. कोडमध्ये थेट मजकूरही साठवता येतो आणि तो वाचायला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे शब्दकोडी, सूचना किंवा सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक मुलांसाठी शब्दांचे तेलुगू अर्थ असे कोड करून भिंतीवर लावता येतात. देवनागरी अक्षरे जास्त जागा घेतात, म्हणून मजकूर दोन-तीन ओळींचाच ठेवावा, नाहीतर ठिपके दाट होऊन जुन्या मोबाईलला कोड वाचता येत नाही.

पडदा यानंतर घ्यावा, आणि त्याआधी विजेचा हिशेब मांडावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास वीज मावते. त्यातली निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधली घट धरली, तरी १०० वॉटचा टीव्ही सुमारे सात तास चालतो, तर २५० वॉटचा प्रोजेक्टर तीन तासच. शिवाय प्रोजेक्टरसाठी खोलीत अंधार लागतो. खिडकीवर सोलापुरी चादर टांगून तो सहज होतो, पण एप्रिलच्या उन्हात बंद खोलीत मुले बसवणे योग्य नाही. त्यामुळे आपल्याकडे टीव्हीच बरा. निधीसाठी शाळा अनुदान, ग्रामपंचायत आणि लोकवर्गणी हे नेहमीचे मार्ग आहेत.

आलेल्या वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) त्याच दिवशी करावी आणि कपाटाची किल्ली वर्गशिक्षकाकडे ठेवावी. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत मुले खराब करतील या भीतीने टॅब कुलपातच राहिले आणि बॅटऱ्या फुगल्यावर बाहेर आले.