हातच्याची वजाबाकी: मूल कुठे अडलंय ते आधी ओळखा

तिसरीतल्या मुलाने ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलं, की ‘लक्ष नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ३५ दोन वाटांनी येतं. एक तर मुलाने एककांत ७ मधून २ काढले, कारण ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे त्याने पहिलीपासून ऐकलंय. किंवा हातचा घेऊन १२ मधून ७ बरोबर काढले, पण दशकाच्या ५ चे ४ करायचे राहिले. उत्तर एकच, उपाय वेगळे. म्हणून तपासायला ७१ − ३४ द्या. ४३ आलं तर पहिली चूक, ४७ आलं तर दुसरी. (एककांतला फरक ५ येतो तिथे दोन्ही चुका सारख्याच दिसतात, अशी उदाहरणं तपासणीला नकोतच.) जोडीला ४० − १६ द्या. ३० आलं, तर ‘शून्यातून काही जातच नाही’ असं मुलाने ठरवून टाकलंय.

पहिली चूक करणाऱ्यांना चौघाचौघांच्या गटात बसवा. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले सात गठ्ठे आणि एक सुटी काडी ठेवा. मांडायचे फक्त ७१. सोबत ३४ ही मांडले, की मुलं दोन्ही ढीग एकत्र मोजत बसतात. मग म्हणा, ‘यातल्या ३४ मला हव्यात, आधी सुट्या चार दे.’ मूल अडेल. इथे गप्प राहा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात, हे मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने अमेरिकेतल्या वर्गांत मोजून दाखवलंय. गठ्ठ्याचं रबर मुलानेच काढायला हवं. तुम्ही काढलंत तर तास फुकट गेला.

आता सहा गठ्ठे, अकरा सुट्या. ‘एकूण किती झाल्या?’ बरीच मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मोजू द्या. न मोजता ‘एकाहत्तरच की!’ असं येईपर्यंत आकड्यांकडे वळू नका. ‘उसना घेतला’ हा शब्दही टाळा, मुलं परत कधी द्यायचा ते विचारतात. ‘दशक सुटा केला’ म्हणा. ‘एकाहत्तर’मध्ये एक आधी ऐकू येतो, त्यामुळे काही मुलं १७ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तर एक’ असं वाचन आलं तेव्हा बराच वाद झाला, पण या तासाला ते फार कामाचं आहे. दोन्ही वाचून घ्या.

दुसऱ्या चुकीला काड्यांची गरज सहसा नसते. तिथे समज असते, पण डोक्यात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत. क्रम बांधून द्या: आधी ७ वर काट मारून वर ६, मग १ चे ११, त्यानंतरच वजाबाकी. खोडरबर बंद, काट दिसत राहिली पाहिजे.

काड्यांनंतर पाटीवर गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्यांसाठी टिंबं, मग नुसते आकडे. सलग तीन उदाहरणं बरोबर आली की पुढची पायरी, चुकलं की एकच पायरी मागे. आठवड्याने कशाच्याही मदतीशिवाय पुन्हा तीन द्या. ४०३ − १७८ सारखी, मध्ये शून्य असलेली उदाहरणं आली की मात्र शंभराचा गठ्ठा बांधून पुन्हा काड्यांपासूनच सुरुवात करा.