श्रद्धेशिवाय विधी: स्वतःचा विधी कसा घडवावा

देव मानणं सोडलेल्या माणसाची खरी अडचण वादविवादात होत नाही. ती होते घरात कुणी गेल्यावर. मंत्र नकोत, पूजा नको, हे पक्कं ठरलेलं असतं. पण मग करायचं काय, हे कुणीच ठरवलेलं नसतं. दाखल्यांवर सह्या होतात, फोन होतात, माणसं येऊन बसतात आणि उठून जातात. एक अख्खं आयुष्य संपलं, आणि त्याची दखल फक्त कागदांनी घेतली, असं होऊन बसतं. बाळ जन्मतं तेव्हा, दोघं एकत्र राहायचं ठरवतात तेव्हा, म्हातारे आईवडील राहतं घर सोडतात तेव्हाही हीच पोकळी जाणवते.

ती सोसत राहण्याची गरज नाही. विधी ही माणसाची फार जुनी गरज आहे. धर्मांनी ती ओळखली, जोपासली, पण ती एकट्या धर्मांची नव्हे. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी अकरा वाजता ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं सगळे व्यवहार थांबले. त्या दोन मिनिटांत मनात प्रार्थना म्हणायची की नुसतं उभं राहायचं, हे ज्याच्या त्याच्यावर होतं. शंभर वर्षं उलटली तरी ती शांतता पाळली जाते. असं काहीतरी आपल्या आयुष्यासाठी, आपल्या हातानं कसं घडवता येईल, ते पुढे सांगतो.

१. आधी रेघ आखा

विधी आणि अंधश्रद्धा बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत ठरलेली कृती असते, ठरलेला क्रम असतो. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: हे चुकलं तर काय होईल? ‘काहीतरी वाईट घडेल’ असं उत्तर आलं तर ती अंधश्रद्धा. ‘काही घडणार नाही, पण मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटेल’ असं आलं तर तो विधी.

हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, कारण भीती गुपचूप शिरते. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलं, की शांत खाजणात जिथे मासे हमखास मिळत तिथे मंत्रतंत्र नसत. खुल्या समुद्रात, जिथे जिवाचाही भरवसा नसे, तिथे मात्र ते भरपूर असत. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे दिले, कबुतर काहीही करत असो. तरी एक कबुतर गोल गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. दाणे येताना जे चाललं होतं तेच त्यांनी धरून ठेवलं. आपलं मनही अनिश्चिततेत हेच करतं.

म्हणून पहिला नियम: परीक्षेचा निकाल, आजार, पाऊस, दुसऱ्याचं मन यांतलं काहीही बदलावं म्हणून विधी करायचा नाही. आपल्या स्वतःवर त्याचा परिणाम होतो, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हरकत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला सांगितलं होतं. त्यातल्या काहींना आधी एक छोटी कृती करायला दिली: मनात काय चाललंय त्याचं चित्र काढा, त्यावर मीठ भुरभुरा, पाचपर्यंत मोठ्यानं मोजा, कागद चुरगाळून फेकून द्या. ज्यांनी हे केलं त्यांची धडधड कमी झाली आणि ते गायलेही बरे. मिठात काही जादू नव्हती.

२. एकच प्रसंग निवडा

उत्साहाच्या भरात वर्षभराचं वेळापत्रक आखू नका. जो प्रसंग तुमच्यासाठी आधीच जड किंवा मोठा आहे, तेवढाच घ्या: एखादा वाढदिवस, एखादी पुण्यतिथी, ऋतू बदलण्याचा दिवस, नोकरीचा शेवटचा दिवस. ज्याचं आपल्याला काही वाटत नाही त्यावर विधी चढवला तर तो नाटकासारखा होतो, आणि मुलांना ते सगळ्यांत आधी कळतं.

३. त्या प्रसंगामागचं खरं काय, ते शोधा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. श्रद्धेशिवायच्या विधीत नवल कुठून आणायचं, असं लोक विचारतात. ते आणावं लागत नाही, ते तिथे असतंच. फक्त माहिती करून घ्यायचे कष्ट घ्यावे लागतात.

वाढदिवस घ्या. ‘एक वर्ष मोठा झालास’ म्हणजे काय झालं? पृथ्वीवर बसून त्या माणसानं सूर्याभोवती आणखी एक फेरी पुरी केली: सुमारे ९४ कोटी किलोमीटर, सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगानं, एकदाही न थांबता. हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला सांगून त्याचा चेहरा बघा.

याहून मला प्रिय असलेला विधी म्हणजे वाढदिवसाचा तारा. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला वर्षं लागतात. तेव्हा आपल्या वयाएवढ्या प्रकाशवर्षांवरचा तारा शोधला, तर त्याचा आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश आपण जन्मलो त्या सुमारास निघालेला असतो. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांहून थोडा जास्त वेळ प्रवास करतो, प्रश्वाचा साडेअकरा, श्रवणाचा जवळपास सतरा. अभिजित पंचविशीतल्या माणसाचा. स्वाती सदतिशीच्या आसपासचा, ब्रह्महृदय त्रेचाळिशीचा, रोहिणी साधारण पासष्टीची, मघा एकोणऐंशीची. काही वयांना ठळक तारा मिळत नाही. तिथे जवळचा घ्या, हट्ट धरू नका.

करायचं असं. वाढदिवसालाच तो तारा रात्री वर असेल असं नाही, म्हणून तो संध्याकाळी नीट दिसतो तो महिना आधी पाहून ठेवा. व्याध आणि रोहिणी साधारण डिसेंबरनंतरच्या महिन्यांत, स्वाती मे-जूनच्या सुमारास. दिवे नसलेली जागा गाठा. मोबाइल बंद. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गप्पा न मारता बसा. हे थांबणं विधीचाच भाग आहे, ते गाळू नका. मग ज्याचा वाढदिवस त्याला तारा दाखवा, आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं तो प्रकाश निघाला त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते सांगावं. कुठे राहत होतो, कोण आजारी होतं, पैशांची काय ओढाताण होती, नाव कुणी सुचवलं. एवढंच. पासष्टीच्या बाईंना रोहिणी दाखवायची असेल तर सांगणारं कुणी उरलेलंच नसतं बहुधा. तेव्हा त्यांनीच सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. तो लालसर ठिपका तेव्हा वेगळाच दिसतो.

ऋतूंसाठीही असंच काही करता येतं. सकाळचं ऊन येणाऱ्या पूर्वेकडच्या एका खिडकीची निवड करा. २१ जूनच्या सुमारास सकाळी नऊ वाजता उन्हाची कड फरशीवर जिथे पडते तिथे खडूनं रेघ मारा, तारीख लिहा. २१ डिसेंबरच्या सुमारास त्याच वेळी पुन्हा. त्या दोन रेघांमध्ये जे अंतर दिसतं ते पृथ्वी २३.४ अंशांनी कललेली आहे म्हणून. खिडकी अशी निवडा की दोन्ही वेळा ऊन आत येईल; काही खिडक्यांतून ते वर्षातला काही काळ येतच नाही.

४. हातांना काम द्या

नुसता विचार करून विधी होत नाही. उभं राहणं, चालणं, माती उकरणं, दिवा विझवणं, कागद वाचून घडी घालणं, असं काहीतरी शरीरानं करायला हवं.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नॉल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये जगभरच्या संस्कारांत तीन टप्पे दाखवले: आधीच्या स्थितीपासून सुटणं, मधली अधांतरी अवस्था, आणि नव्या स्थितीत सामील होणं. स्वतःचा विधी रचताना हा सांगाडा फार उपयोगी पडतो. समजा, घर सोडायचं आहे. सामान गेल्यावर रिकाम्या घरात सगळ्यांनी एकेका खोलीत जायचं आणि तिथे घडलेली एक गोष्ट मोठ्यानं सांगायची, हे सुटणं. मग कुलूप लावून नव्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा न बोलता चालत जायचं; हा मधला काळ. नव्या घराचं दार सगळ्यांत लहान मूल उघडेल, आणि पहिली खिळा-हातोडी तिथे एक फोटो लावायला वापरायची. झालं. मधला टप्पा वगळायचा मोह होतो, कारण तो अवघडल्यासारखा असतो. पण आपण बदलतोय हे आत उतरतं ते त्याच वेळात.

५. शब्द खरे ठेवा

ज्यावर विश्वास नाही ते वाक्य विधीत उच्चारू नका, कितीही सुंदर असलं तरी. आत्मा मानत नसाल तर आत्म्याच्या शांतीबद्दल बोलायचं कशाला? त्या जागी गेलेल्या माणसानं काय केलं ते बोला, आणि शक्य तेवढं बारकाव्यानं. ‘ते फार प्रेमळ होते’ यानं कुणाला काही होत नाही. ‘ते पत्राच्या पाकिटावर पत्ता लिहिण्याआधी पेन्सिलीनं ओळी आखायचे’ यानं माणूस समोर उभा राहतो.

निरोपाच्या विधीसाठी मी एक सुचवतो: गेलेल्या माणसानं जे हातानं करायला शिकवलं ते सगळ्यांनी मिळून करावं. दोरीची गाठ असेल, पुस्तकाला कव्हर घालणं असेल, एखादं अक्षर वळणदार काढणं असेल. गाठ असेल तर प्रत्येकाला हातभर दोरी द्या. ज्याला येते त्यानं शेजारच्याला शिकवावी. खोलीभर माणसं मान खाली घालून तीच गाठ मारताना दिसतात, तेव्हा काय उरलं हे सांगावं लागत नाही. त्यानंतर कुणाला बोलायचं असेल तर एक गोष्ट बोलता येते, आणि ती शब्दशः खरी आहे: त्यांच्या हाडांतलं कॅल्शियम आणि रक्तातलं लोह फार पूर्वीच्या ताऱ्यांत तयार झालं होतं, आणि त्यांच्या श्वासातून बाहेर पडलेला कार्बन कधीचाच कुठल्या ना कुठल्या झाडाच्या पानात गेलेला आहे.

दुःखात विधीचा आधार होतो, याला अभ्यासाचंही पाठबळ आहे. मायकल नॉर्टन आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गमावण्यानंतर विधी केलेल्यांचं दुःख हलकं झालेलं दिसलं, विधींवर विश्वास नसलेल्यांचंही. लोकांनी सांगितलेले बहुतेक विधी एकट्यानं, खाजगीत केलेले होते. धार्मिक फार थोडे. पण दुःख महिनोन्‌महिने खाणं-झोपणं हिरावून घेत असेल, तर विधीवर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा.

६. एकट्यानं की सगळ्यांनी?

दोन्ही. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात लोक निखाऱ्यांवरून चालतात. २०११ मध्ये संशोधकांना तिथे आढळलं, की चालणाऱ्याच्या आणि बघणाऱ्या नातेवाइकांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय जुळत होती. अनोळखी प्रेक्षकांची जुळत नव्हती. निखारे आपल्याला नकोत, पण एकत्र असण्यानं शरीरात काय होतं ते यातून कळतं. म्हणून मोठ्या प्रसंगी एक तरी कृती सगळ्यांनी एकाच वेळी करावी अशी ठेवा: गाणं, चालणं, शांत उभं राहणं.

घरात श्रद्धाळू माणसं असतील तर? त्यांच्याशी त्या दिवशी वाद घालू नका. आईला प्रार्थना म्हणायची असेल तर शांततेचा एक टप्पा ठेवा. त्यात ती प्रार्थना म्हणेल, तुम्ही आठवण काढाल. तुमच्या तोंडी मात्र कुणी मंत्र घालू नये, एवढं आधीच प्रेमानं सांगून ठेवा.

एकट्यासाठी सगळ्यांत सोपा विधी म्हणजे आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांचं नवलाचं चालणं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्क मंडळींना आठ आठवडे असं चालायला सांगितलं. काहींना मुद्दाम थक्क करणाऱ्या गोष्टी शोधत चालायची सूचना होती. त्यांनी काढलेल्या सेल्फींत आठवड्यागणिक त्यांचा स्वतःचा आकार लहान होत गेला, मागचं दृश्य जास्त जागा घेऊ लागलं, आणि हसू मोठं झालं. एकच रस्ता धरा आणि दर वेळी आधी न पाहिलेली एक गोष्ट शोधा.

७. पुन्हा करा, पण लादू नका

फ्रेंच राज्यक्रांतीत सत्ताधाऱ्यांनी जुनी धार्मिक दिनदर्शिका मोडून नवी आणली: दहा दिवसांचा आठवडा, महिन्यांना नवी नावं, बुद्धीचे उत्सव. १७९३ पासून ती अमलात होती. १८०५ च्या अखेरीस रद्द झाली. सातव्या दिवसाची सुटी दहाव्यावर गेली, आणि लोकांच्या जगण्यातून न उगवलेलं काहीतरी वरून आलं. याउलट नॉर्वेत १९५१ पासून किशोरवयीन मुलांसाठी चर्चबाहेरचा नागरी दीक्षा समारंभ होतो. त्याआधी मुलं नीतिमूल्यांवर, समाजावर चर्चा करणारा एक वर्ग करतात. मुलांना आधी काही करावं लागतं आणि मग कौतुक होतं, हे मला त्यातलं सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं.

घरातही तसंच ठेवा. मुलांना काम द्या, प्रश्न विचारू द्या, नाही म्हणू द्या. पहिल्यांदा केलेला विधी थोडा ओशाळवाणा वाटतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अंगवळणी पडतो, म्हणून लगेच सोडू नका. एक वही ठेवा. दर वेळी त्यात दोन ओळी लिहा: काय भिडलं, कुठे नुसतं उरकल्यासारखं झालं. एखाद्या विधीसमोर लागोपाठ ‘उरकलं’ असंच लिहिलं जाऊ लागलं तर तो बदला, किंवा थांबवा. थांबवायचा असेल तर न सांगता सोडून देऊ नका; यंदा हे शेवटचं, असं सगळ्यांना सांगून एकदा नीट करा.