परसबागेत या चुका टाळा: पागोळीखालचं अळू आणि युरियाची घाई

पान पिवळं दिसलं की युरियाची पिशवी फोडणारे दर पावसाळ्यात भेटतात. अरे बाबांनो, आपली कोकणातली जांभ्याची माती मुळात आंबट. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवतं, नत्र-पालाश (नायट्रोजन-पोटॅशियम) पावसाबरोबर धुपून जातं. वर युरिया ओतत राहिलात तर आंबटपणा वाढतो आणि रोप आहे तिथेच. मी सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) तपासून चुना घालतो, खत थोडं थोडं तीनदा देतो. वेळ लागतो, लागू दे.

दुसरी चूक मात्र जिवाला लागते: जुन्या रंगातलं विषारी शिसं मातीत पडू देणं. रत्नागिरीत आमच्या शेजारी गणपतीआधी जुन्या खिडक्या खरवडून नवा ऑइलपेंट दिला. पापुद्रे पडले ते थेट पागोळीत, आणि तिथेच वहिनींचं अळू! मूठभर माती उचलली तर नखाएवढे हिरवे तुकडे हाताला लागले. नातवंडं तिथेच खेळत होती. "भाऊजी, माती तपासल्येय, सगळं ठीक आहे," म्हणत वहिनींनी मृदा आरोग्य पत्रिका दाखवली. पण त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे 12 घटक असतात. शिसं आणि कॅडमियम त्यात नसतंच. ते वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून तपासावं लागतं. आम्ही तपासलं, शिसं निघालं.

घरगुती रंगात शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर 2017पासून. त्याआधीचा रंग खरवडायचा तर खाली ताडपत्री अंथराच. शिसं कुजत नाही, पावसात वाहूनही जात नाही. पानांपेक्षा मातीने माखलेले हात तोंडात घालणाऱ्या पोरांना त्याचा धोका जास्त. आम्ही वरची माती काढली, तिथे जास्वंद लावली.

शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत ते शिसं अजून आहे. तिथे पालेभाजी नको, पडवळ-दुधी लावा.

चुलीतली लाकडाची राख चालते, जाळलेल्या कचऱ्याची कधीच नाही.

सुपारीवर फवारून उरलेलं बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) वाफ्यात ओतू नका, मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं.

भरावाची माती घेताना ती कुठून उचलली ते विचारा. गटाराचा गाळ काळाभोर दिसतो म्हणून कसदार नसतो.

आणि नमुना एकाच खड्ड्यातला देऊ नका. आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो द्या. पागोळीखालचा नमुना मात्र वेगळ्या पिशवीत. वहिनींनी यंदा तसाच दिलाय, आणि वड्यांचं अळू विहिरीकडे हलवलंय.